मृतांच्या रात्रीचा खर्च

३१ ऑक्टोबरच्या रात्रीवर अमेरिकेत किती पैसा उडतो, याचा अंदाज तिथली किरकोळ व्यापाऱ्यांची राष्ट्रीय संघटना दरवर्षी जाहीर करते. २०२३ साली हा आकडा बारा अब्ज डॉलरच्या वर गेला. मुलामाणसांचे वेश, गोळ्या-चॉकलेटे, अंगणात उभे करायचे सांगाडे, शुभेच्छापत्रे असा सगळा तो हिशेब असतो. ज्या घराची मिळकत बेताची आहे, त्या घरापुढे मग प्रश्न येतो, की मुलांसाठी आणि शेजाऱ्यांसाठी हॅलोविनची पार्टी द्यायची तर ती थोडक्या पैशांत कशी भागवायची? सहसा या प्रश्नाकडे घरखर्चाची अडचण म्हणूनच पाहिले जाते. कोणती सजावट घरच्या घरी होईल, जुन्या कपड्यांतून कोणता वेश निघेल, अशी उत्तरे त्याला मिळतात. ती उपयोगाची आहेत, पण त्यांच्या बुडाशी एक समजूत दडलेली असते. खरी पार्टी भरपूर खर्चाची, आणि कमी खर्चाची पार्टी म्हणजे नाइलाजाने केलेली तिची नक्कल, अशी ती समजूत. मला ती मुळातच चुकीची वाटते. हॅलोविन हा मृत्यूकडे तोंड करून उभा असलेला सण आहे आणि मृत्यूपुढे श्रीमंतीची मातब्बरी चालत नाही. त्यामुळे या रात्रीचा साधेपणा तिच्या मूळ धर्माला धरूनच आहे. कशावरचा खर्च कमी करावा आणि कशावरचा मुळीच कमी करू नये, हाही मग धर्माचाच प्रश्न ठरतो.

हॅलोविन या नावाचा अर्थच संतांच्या सणाची आदली संध्याकाळ असा आहे. १ नोव्हेंबरला ख्रिस्ती पंचांगात सर्व संतांचा सण असतो. आठव्या शतकात पोप तिसरे ग्रेगरी यांनी रोमच्या सेंट पीटर्समध्ये सर्व संतांच्या नावे एक प्रार्थनागृह अर्पण केले आणि नवव्या शतकात १ नोव्हेंबर ही तारीख पश्चिम युरोपभर रूढ झाली. पुढे इ.स. १००० च्या आसपास फ्रान्समधल्या क्लुनी मठाचे प्रमुख ओडिलो यांनी आपल्या मठांना २ नोव्हेंबर हा सर्व मृतांसाठी प्रार्थनेचा दिवस लावून दिला, आणि तो हळूहळू सगळ्या पश्चिमी चर्चने स्वीकारला. हा क्रम नीट पाहण्यासारखा आहे. पहिला दिवस सर्व संतांचा आणि त्याला लागूनच दुसरा दिवस बाकीच्या सगळ्या मृतांचा, ज्यांचे नाव कुणी लिहून ठेवले नाही त्यांचाही. या दोन दिवसांची सुरुवात होई ती उपवासाने. कॅथलिक परंपरेत सर्व संतांच्या सणाची आदली रात्र जागरणाची आणि उपवासाची होती. १९५५ च्या सुधारणांमध्ये ते जागरण पंचांगातून वगळले गेले, तोवर ती रीत टिकून होती. आयर्लंडमध्ये या रात्री मांस वर्ज्य असे, म्हणून बटाटा आणि कोबीवर्गातली भाजी एकत्र कुस्करून केलेले कोलकॅनन, सुक्या मनुकांचा बार्मब्रॅक नावाचा पाव, सफरचंदे आणि कवचाची फळे हे त्या रात्रीचे जेवण ठरले. आज ज्याला हॅलोविनचे पारंपरिक खाणे म्हणून कौतुकाने मांडले जाते, ते एका उपवासाच्या रात्रीचे, बहुतेक शेतातून नुकतेच निघालेले, गरिबाच्या घरातही असणारे अन्न होते.

इंग्लंडमध्ये याच दिवसांत गरीब माणसे आणि मुले दारोदार फिरत. घरातली माणसे त्यांना सोल केक नावाच्या छोट्या गोड भाकऱ्या देत आणि घेणारे त्या घरातल्या मृतांसाठी प्रार्थना करत. सर्व संतांच्या सणाला रडक्या सुरात मागणारा भिकारी शेक्सपिअरच्या ‘टू जंटलमेन ऑफ व्हेरोना’ या नाटकात उपमेदाखल येतो, म्हणजे प्रेक्षकांना ते दृश्य चांगल्या ओळखीचे होते. या देवघेवीचा अर्थ खोल आहे. देणाऱ्याकडे पीठ आणि साखर होती, पण आपल्या मृतांसाठी त्याला ज्याची गरज वाटत होती ते त्याच्या कोठारात नव्हते. ते होते दारात उभ्या असलेल्या गरिबाकडे. गरिबाची प्रार्थना देवाला लवकर ऐकू जाते, ही ख्रिस्ती धर्मातली फार जुनी श्रद्धा आहे. त्यामुळे उंबऱ्याच्या दोन्ही बाजूंना देणारेच उभे होते आणि दोन्ही बाजूंना मागणारे. ‘ट्रिक ऑर ट्रीट’ म्हणत दारोदार गोळ्या मागण्याची आजची रीत थेट यातूनच आली की दोघांमध्ये आणखी काही दुवे आहेत, यावर अभ्यासकांनी वाद घालावा, पण या रात्री दार उघडायचे आणि ओळखीच्या-अनोळखीच्या हातावर काहीतरी ठेवायचे, हा गाभा दोन्हींकडे एकच आहे.

मृतांसाठी पैसा खर्च करण्याचा प्रश्न तर याच तारखेला युरोपच्या इतिहासात सर्वांत मोठ्या आवाजात विचारला गेला. ३१ ऑक्टोबर १५१७ रोजी जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर यांनी आपले ९५ मुद्दे माइन्झच्या आर्चबिशपांना धाडले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या विटेनबर्गमधल्या ज्या चर्चमध्ये सर्व संतांचा सण व्हायचा होता, ते चर्चही सर्व संतांच्याच नावाचे होते. वादाचे कारण होते पापमुक्तिपत्रांची विक्री. मेलेल्या आप्तांचे आत्मे पापशुद्धीच्या यातना भोगत आहेत, पैसे भरा आणि त्यांना सोडवा, असे त्या विक्रीचे स्वरूप झाले होते. पत्र विकत घेण्यापेक्षा गरिबाला देणे किंवा गरजवंताला उसने देणे चांगले, असे ल्यूथर यांनी त्या मुद्द्यांत मांडले. पोप पैशासाठी आत्मे सोडवू शकतात तर निव्वळ प्रेमापोटी सगळ्यांनाच का सोडवत नाहीत, हा सामान्य माणसाच्या तोंडचा प्रश्नही त्यांनी पुढे ठेवला. पुढे प्रॉटेस्टंट पंथांनी पापशुद्धीच्या स्थानाची कल्पनाच नाकारली. इंग्लंडमध्ये १५४७ च्या कायद्याने, श्रीमंतांनी आपल्या आत्म्यासाठी नित्य प्रार्थना व्हाव्यात म्हणून ठेवलेल्या देणग्या आणि त्यांवर चालणारी प्रार्थनास्थाने जप्त झाली. पैशावर उभी असलेली मृतांची व्यवस्था एका कायद्याने कोसळली. दारोदार फिरणारी मुले आणि त्यांच्या हातावरची भाकरी यांना मात्र कोणता कायदा पुरा पुसू शकला नाही. काही भागांत ती रीत एकोणिसाव्या शतकापर्यंत चालू राहिली. ज्याला देणगीचा आधार लागत नव्हता ते टिकले.

आता वेशाकडे पाहू, कारण आजच्या पार्टीत बराच खर्च त्यावर होतो. पंधराव्या शतकात, १४२४-२५ च्या सुमारास, पॅरिसच्या एका दफनभूमीच्या भिंतीवर मृत्यूच्या नाचाचे प्रसिद्ध चित्र रंगवले गेले. त्यात पोप, सम्राट, सरदार, व्यापारी, शेतमजूर असे सगळे ओळीने उभे आहेत आणि प्रत्येकाचा हात एकेका मृताने धरला आहे. मुकुट असो की नांगर, नाच एकच. सांगाड्याचे चित्र युरोपच्या कल्पनेत रुजले ते अशा चित्रांमुळे, आणि त्याचा आशय समतेचा होता, कारण हाडांवरून जात, पद किंवा संपत्ती ओळखता येत नाही. हॅलोविनच्या मुखवट्यातही हीच शक्ती आहे. मुखवटा चढवला की मागणाऱ्याची लाज जाते. एरवी ज्या मुलाला कुणापुढे हात पसरायची कधी वेळच येणार नाही, तेही या रात्री दारात उभे राहून मागते, आणि ज्याच्या घरात खरोखर चणचण आहे तेही त्याच रांगेत उभे राहते. दोघांत फरक करायला देणाऱ्याकडे काही खूण उरत नाही. या रात्रीच्या धर्मातला हा सर्वांत मौल्यवान भाग आहे. एका मुलाच्या अंगावर शेकडो डॉलरचा तयार पोशाख आणि दुसऱ्याच्या अंगावर जुनी चादर असली, की मुखवटा आपले काम सोडतो. जे झाकायचे ते तो उघडे करू लागतो. म्हणून जुन्या चादरीचे भूत हे केवळ स्वस्त नाही, ते वेशाच्या मूळ हेतूला जास्त इमानी आहे.

थोडक्या पैशांत केलेली पार्टी कंगाल दिसते का, याचे उत्तर आयरिश चित्रकार डॅनियल मॅक्लीझ यांच्या ‘स्नॅप-ॲपल नाइट’ या १८३३ च्या चित्रात आहे. १८३२ साली आयर्लंडमधल्या ब्लार्नी इथे ते हॅलोविनच्या एका मेळाव्याला गेले होते. त्यावरून त्यांनी ते रंगवले. चित्रात माणसांची नुसती दाटी आहे. कुणी पाण्यात तरंगणारे सफरचंद दातांनी पकडते आहे. टांगलेल्या काडीच्या एका टोकाला सफरचंद आणि दुसऱ्या टोकाला जळती मेणबत्ती लावून ती फिरवली आहे आणि कुणी ते सफरचंद तोंडाने धरू पाहते आहे. कुणी भविष्य पाहते आहे, वाद्ये चालू आहेत, जोड्या नाचत आहेत. एवढ्या उत्सवाला सामान काय लागले? सफरचंदे, पाणी, मेणबत्त्या आणि एक मोठी खोली. बार्मब्रॅकमध्ये अंगठी आणि नाणे लपवायचे आणि ज्याच्या घासात ते येईल त्याचे येते वर्ष कसे जाईल हे सांगायचे, हा खेळही असाच बिनखर्ची. सलगम कोरून त्यात दिवा ठेवायचा, तो सलगमही शेतातलाच. या सगळ्यात विकत आणलेले थोडे आणि माणसांनी स्वतः करायचे खूप. आज ‘थीम’ ठरवून पार्टी करणाऱ्याला याहून चांगली थीम शोधूनही सापडणार नाही. पीक घरी आले आहे, दिवस लहान होत आहेत, गेलेली माणसे आठवत आहेत, ही या रात्रीची स्वतःचीच कल्पना आहे.

अमेरिकेचा इतिहासही याच बाजूने साक्ष देतो. १८४५ नंतरच्या आयर्लंडच्या भीषण दुष्काळात लाखो लोक समुद्रापार गेले आणि आपल्यासोबत ही रात्रही घेऊन गेले. सलगमाच्या जागी तिथला भोपळा आला, कारण तो भरपूर पिकत होता आणि कोरायला सोपा होता. १९०९ पासून डेनिसन कंपनीने क्रेप कागदाची सजावट आणि वेश कसे करावेत हे सांगणारी पुस्तके काढली, आणि तिथून सजावट ही विकत घ्यायची गोष्ट होऊ लागली. पण १९३० च्या दशकातल्या महामंदीत पुन्हा चित्र बदलले. या रात्री पोरांचा धुडगूस वाढला होता, माणसांच्या हातात पैसा नव्हता, तेव्हा शेजाऱ्यांनी मिळून घरोघरच्या पार्ट्या केल्या. एका घरी वेश, दुसऱ्या घरी खाऊ, तिसऱ्याच्या तळघरात भुताटकीचा खेळ, अशी वाटणी झाली. कुणा एकावर भार पडला नाही आणि मुलांना सगळी गल्ली आपली झाली. दुसऱ्या महायुद्धात साखरेचे रेशनिंग होते, ते १९४७ मध्ये उठले, आणि मग गोळ्या मागत दारोदार फिरण्याची रीत देशभर फोफावली. १९५० साली फिलाडेल्फियाच्या परिसरात मुलांनी दुधाच्या रिकाम्या खोक्यांत युनिसेफसाठी सुट्टी नाणी गोळा करायला सुरुवात केली आणि मागणारे मूल पुन्हा एकदा दुसऱ्या कुणासाठी मागू लागले. टंचाईच्या काळात या सणाने आपला गाभा हरवला नाही, उलट त्याला शेजारधर्म सापडला.

यावर पहिला आक्षेप गंभीर आहे. सण म्हणजे रोजच्या काटकसरीतून एक दिवसाची सुटका. वर्षभर मोजून-मापून जगणारा माणूस एक दिवस हात सैल सोडतो, यातच सणाचा आनंद आहे. तिथेही हिशेब आणला तर सण आणि सोमवार यांत फरक काय राहिला? हे मान्य करावेच लागेल, की उधळण ही सणाची भाषा आहे. प्रश्न फक्त उधळायचे काय, एवढाच आहे. ब्लार्नीच्या त्या मेळाव्यात वेळ उधळला गेला, श्रम उधळले गेले, हसू आणि गाणे उधळले गेले, सफरचंदे पाण्यात भिजली. या उधळणीत प्रत्येकाला भाग होता, कारण ती करायला पैसा लागत नव्हता. एका रात्रीनंतर कचऱ्यात जाणाऱ्या प्लॅस्टिकच्या सांगाड्यावरची उधळण मात्र एका घराची असते आणि बाकीच्यांनी ती रस्त्यावरून पाहायची असते. सणाला अतिरेक हवा असेल तर तो सगळ्यांना करता येईल असा असावा.

दुसरा आक्षेप दोन टोकांकडून येतो. काही भाविक म्हणतात, ही रात्र मुळात साउइन या केल्टिक सणाची, भुतांची. ख्रिस्ती माणसाने तिच्या वाटेला जाऊ नये. काही धर्म न मानणारे म्हणतात, हा आता फक्त मौजेचा दिवस आहे, त्यात धर्म कशाला शोधायचा? पहिल्यांना इतिहासातूनच उत्तर देता येते. साउइन हा मोठा सण होता यात शंका नाही, पण तो मृतांचा सण होता याला जुना पुरावा फारसा मिळत नाही, हे ब्रिटिश इतिहासकार रोनाल्ड हटन यांनी दाखवून दिले आहे. मृतांची आठवण या दिवसांना मिळाली ती मुख्यतः चर्चच्या पंचांगातून. दुसऱ्यांना सांगायचे ते असे, की ज्या रात्री आपण लहान मुलांच्या हातात कवट्या देतो, थडग्यांची चित्रे दारात लावतो, त्या रात्री मृत्यूचा विचार आपण केला नाही तरी तो समोर असतोच. श्रद्धा असो वा नसो, आपण मरणार आहोत आणि मेल्यावर सगळे सारखे आहोत, हे खोटे ठरत नाही. त्या सत्याचे चिन्ह वापरून श्रीमंतीचे प्रदर्शन करणे ही विसंगती आहे, आणि ती ओळखायला कोणताही धर्मग्रंथ उघडावा लागत नाही.

तिसरा आक्षेप मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. गरिबीचे असे गोडवे गाणे सोपे आहे; सोल केक मागणारा माणूस भुकेला होता आणि दारोदार फिरण्यात त्याला अपमान सोसावा लागत असेल. हे खरे आहे. दारिद्र्य पवित्र आहे असे म्हणणे हा दरिद्री माणसावर अन्यायच आहे. पण माझे म्हणणे दारिद्र्याविषयी नाही, खर्चाच्या दिशेविषयी आहे. बाजार ज्याला बजेट पार्टी म्हणतो ती बहुधा स्वस्त मालाची पार्टी असते. एकदा वापरायचा पातळ कृत्रिम कापडाचा पोशाख स्वस्त मिळतो, कारण तो शिवणाऱ्याला थोडी मजुरी मिळालेली असू शकते. टाकल्यावर तो कुजतही नाही. अशा खरेदीला काटकसर म्हणता येत नाही. आपला भार दुसऱ्यावर ढकलणे म्हणता येईल. शिवाय काटकसरीच्या आड कंजूषपणाही लपू शकतो. म्हणून एक कसोटी लावावी. खर्च कमी करताना देखावा कमी झाला की माणसे कमी झाली? सजावट अर्धी केली, पोशाख घरी केले, तर ती काटकसर. पाहुण्यांची यादी अर्धी केली, दारावरचा दिवा मालवून मुले परत पाठवली, तर तो कंजूषपणा, मग वाचलेली रक्कम कितीही असो.

ही कसोटी मराठी वाचकाला परकी वाटणार नाही. विष्णुपुराणाच्या तिसऱ्या अंशात पितरांच्या तोंडी श्राद्धाचा उपदेश आहे. संपन्न माणसाने आमच्यासाठी भरपूर दान करावे, ज्याला ते जमत नाही त्याने यथाशक्ती अन्न द्यावे, तेही नसेल तर थोडे तीळ, नाहीतर गाईला गवत, आणि काहीच नसेल तर रानात जाऊन हात वर करून आपल्याकडे द्रव्य नाही पण भक्ती आहे एवढे सांगावे, असा त्याचा आशय आहे. इथे श्रीमंताला हात आखडू दिलेला नाही आणि गरिबाला कर्जात ढकललेले नाही. पैठणला एकनाथांनी श्राद्धाचे अन्न दारात आलेल्या अस्पृश्य मानल्या गेलेल्या भुकेल्यांना वाढले आणि तरीही पितर तृप्त झाले, ही परंपरेने जपलेली कथा तर उंबऱ्यावरच्या त्याच धर्माची आहे. ऋण काढून सण करू नका, हे गाडगेबाबा आपल्या कीर्तनांतून गावोगाव सांगत राहिले. आणि वसई, मुंबई, गोवा इथली ख्रिस्ती कुटुंबे २ नोव्हेंबरला दफनभूमीत जातात, आप्तांची थडगी साफ करतात, फुले वाहतात, मेणबत्त्या लावतात. हॅलोविनचे खरे भावंड आपल्याकडे आधीपासून आहे, आणि त्याला फुले आणि मेण यांहून जास्त काही लागत नाही.

म्हणून अमेरिकेत राहणारे मराठी कुटुंब असो किंवा पुण्या-मुंबईच्या सोसायटीत मुलांच्या हट्टाखातर ही रात्र करणारे पालक असोत, त्यांना माझे सांगणे एवढेच आहे. आधी पाहुणे ठरवा, मग पैसे मोजा. यादीत ते घर असू द्या ज्याला कुणी बोलावत नाही, ते वृद्ध शेजारी असू द्या ज्यांच्या घरात यंदा कुणी गेले आहे. वेश घरातल्या जुन्या कपड्यांचे असावेत असे निमंत्रणातच सांगा, म्हणजे कुणाच्या मुलाला कमीपणा येणार नाही. जेवण एकेका घराने एकेक पदार्थ आणून होऊ द्या. बटाटे, भाजी, सफरचंदे, मनुकांचा पाव पुष्कळ झाला. भोपळा कोरा आणि आतला गर सूपात वापरा. खेळून झाल्यावर प्रत्येकाने आपल्या गेलेल्या एका माणसाचे नाव घेऊन त्याच्याबद्दल एक गोष्ट सांगावी. भुताच्या गोष्टींपेक्षा मुले त्या जास्त लक्ष देऊन ऐकतील. वाचलेले पैसे ज्याला गरज आहे त्याला द्या, कारण या सणाचा सर्वांत जुना खर्च तोच आहे. आणि काहीही कमी केले तरी दार बंद करू नका. मृतांच्या नावाने केलेल्या सणाची किंमत त्यात जिवंत माणसांना किती जागा मिळाली यावरच ठरते.